जनरेटरवरून ड्रोन उडवायचाय, वीज खालून वायरनेच द्यायची. जमेल का?

मंडपवाला_पंचवटी | २३ नोव्हेंबर

रामराम मंडळी. आमचा मंडप, लाइट आणि जनरेटरचा धंदा. वडिलांपासून पंचवटीत आहे. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजाराकडची वीज आधी बंद करतात आणि मग रात्री आमचे जनरेटर मागवतात. फोकस कुठे बांधायचा हा दरवर्षीचा घोळ. पाण्यात बांबू रोवता येत नाही, गच्चीवरून टाकलेला उजेड गल्लीत पोचत नाही.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मित्रांसोबत चार पंख्यांचा ड्रोन बनवलाय, पण बॅटरी १५-१८ मिनिटांत संपते. माझ्या डोक्यात साधी गोष्ट आली. जनरेटर खाली आहेच, तर २.५ स्क्वेअरची (म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर वर सोडायची, ड्रोनला एलईडी बांधायचा, १०० फूट वर उभा करायचा. रात्रभर उजेड. विहिरीतल्या पाणबुडी मोटरला खाली वायर सोडतो, तशी ही वर.

भाचा म्हणतो, "मामा, एवढं सोपं नाही." का नाही ते त्याला नीट सांगता येत नाही. इथले जाणकार सांगतील का? जमलं तर २०२७ च्या सिंहस्थातही कामाला येईल.

कॅमेरेवाली | २३ नोव्हेंबर

कल्पना नवी नाही. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात गर्दीवर नजर ठेवायला असे तारेने बांधलेले ड्रोन वापरले होते. त्यांना टेदर ड्रोन म्हणतात. मी लग्नं आणि जाहिरातींचं शूटिंग करते, दर २०-२५ मिनिटांनी बॅटरी बदलायला ड्रोन खाली घ्यावा लागतो. सप्तपदी सुरू असताना खाली घेतला की वरमाई काय बघते ते मलाच माहीत. त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वायरमनकाका | २४ नोव्हेंबर

मंडपवाले, भाच्याचं बरोबर आहे, आणि कारण तुम्हाला धंद्यामुळे माहीतच आहे. लांब वायर ओढली की शेवटचा फोकस मंद लागतो ना? तेच. मी ३४ वर्षं सबस्टेशनात काढली, आकडेमोड करून देतो.

दिव्यासकट ४ किलोचा, १५ इंची चार पंख्यांचा ड्रोन धरा. नुसता हवेत तरंगायला त्याला अंदाजे ५०० वॉट लागतील. वारा आला की क्षणभर १००० सुद्धा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, हवा जरा विरळ, म्हणजे मुंबईपेक्षा थोडे जास्तच. ड्रोनची सिस्टिम २४ व्होल्टची. म्हणजे २१ अँपिअर.

तुमची २.५ स्क्वेअर वायर ३० मीटर वर न्यायची तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. रोध ०.४१ ओहम. २१ अँपिअरला साडेआठ व्होल्ट वायरीतच गेले. वर २४ पाहिजेत तर खालून ३३ सोडायला हवेत. मग झुळूक आली, करंट ४० झाला, तर वर १६-१७ च उरतात आणि ड्रोन बसतो. उलट मोटर क्षणभर हलकी झाली की ३३ च्या जवळपास वर पोचतात आणि स्पीड कंट्रोलर जळतो. दोन्हीकडून मरण.

आता वजन. ६० मीटरचं नुसतं तांबंच सव्वा किलोच्या वर. वरचं पीव्हीसी धरलं तर दुपटीहून जास्त. ते उचलायला जादा ताकद, जादा ताकदीला जादा करंट, जादा करंटला आणखी जाड वायर. पाणबुडी मोटरच्या वायरीचं वजन मोटरला उचलावं लागत नाही. इथे उचलावं लागतं. फरक तेवढाच आहे आणि सगळा त्यातच आहे.

उपाय एकलहऱ्याच्या वीजकेंद्राबाहेर उभा आहे. ते मोठे मनोरे कशासाठी? व्होल्टेज चढवा, करंट उतरवा. २४ ऐवजी ४०० व्होल्ट डीसी वर सोडलात तर तीच वीज १.३ अँपिअरमध्ये जाते. त्याच वायरीत तूट सुमारे २८० पटीने कमी. मग जाड वायरीची गरजच नाही. ०.२ स्क्वेअरची बारीक तार चालते. ६० मीटरचं तांबं जेमतेम ११० ग्रॅम, तूट ७ व्होल्ट, उष्णता ९ वॉट. वर ड्रोनवर एक डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवायचा, तो ४०० चे २४ करतो. खालून ३८० आले काय नि ३९५ आले काय, त्याला फरक पडत नाही.

द्राक्षवाला_निफाड | २४ नोव्हेंबर

काका, फवारणीच्या ड्रोनला असं होईल का? १० लिटरवाल्याची बॅटरी दहा-बारा मिनिटांत रिकामी होते. शेतात डीपी आहेच.

वायरमनकाका | २४ नोव्हेंबर

नाही जमायचं. भरलेला फवारणी ड्रोन २५ किलोच्या आसपास, त्याला चार-पाच किलोवॉट लागतात. शिवाय तो एका जागी थांबत नाही, ओळीतून फिरतो. मागे ओढली जाणारी तार तुमच्या मांडवाच्या तारांत अडकणार आणि घड घेऊनच बाहेर येणार. तुम्ही जादा बॅटऱ्यांचे संच घ्या. आणि डीपीला आठ तास वीज, तीही कधी रात्री, हे तुम्हाला मी सांगायचं का?

द्राक्षवाला_निफाड | २४ नोव्हेंबर

नका सांगू. 😄

जुनी_पानं | २५ नोव्हेंबर

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूवर नजर ठेवायला हायड्रोजनचे फुगे दोराने बांधून वर सोडत. आग लावणारी एक गोळी लागली की पेट. म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने १९१८ मध्ये फुग्याऐवजी दोराने बांधलेलं हेलिकॉप्टर करून पाहिलं. पीकेझेड-१ नावाच्या त्या यंत्राला १९० अश्वशक्तीची विजेची मोटर होती आणि वीज जमिनीवरून केबलने. मोटर एकटीच १९५ किलोची. ते माणसांना घेऊन उचललंही गेलं, पण थोड्याच उड्डाणांत मोटर जळाली. नावातला 'के' म्हणजे थिओडोर फॉन कारमान, वायुगतिशास्त्रातला पुढचा मोठा माणूस. पीकेझेड-२ वर मात्र मुकाट्याने पेट्रोलची इंजिनं बसवली गेली.

आणि १९६४ मध्ये अमेरिकेत विल्यम ब्राउनने विजेची वायरच काढून टाकली. जमिनीवरून मायक्रोवेव्हचा झोत मारून छोटं हेलिकॉप्टर हवेत ठेवलं, सलग दहा तास. खाली कुणी डोकं घालत नव्हतं हे गृहीत धरू.

मंडपवाला_पंचवटी | १ डिसेंबर

मंडळी, आधी कबुली देतो. काकांचं उत्तर वाचलं होतं. पण घरी इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या होत्या, ५० मीटर वायर होती आणि रविवार होता.

चार बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून ४८ व्होल्ट केले. भाच्याने ड्रोनवर ४८ चे २४ करणारा स्वस्तातला कन्व्हर्टर बसवला. दिवा काढून ठेवला, त्यामुळे ड्रोन ३ किलोचा. जागा कॉलेजचं मैदान, सर हजर. वायर आमच्या नेहमीच्या ड्रमवर गुंडाळलेली, त्यातली १० मीटर सोडली आणि उडवला. उडाला हो! क्लॅम्प मीटरवर १४ अँपिअर. २.५ स्क्वेअरच्या वायरीला १४ म्हणजे काहीच नाही, आम्ही लग्नात त्याहून जास्त ओढतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पंचविसेक मिनिटांनी वास आला. सुरुवातीला वाटलं मैदानापलीकडे कुणी प्लास्टिक जाळतंय. मग ड्रमला हात लावला. बाहेरचा थर कोमट होता. भाच्याने घाईने ड्रोन उतरवला, आम्ही वायर उलगडायला घेतली. वरचे दोन थर सुटले, तिसरा चिकटत चिकटत निघाला आणि आतल्या थरांची तर चिक्की झाली होती. वेढा वेढ्याला चिकटलेला. बाहेरून ड्रम धडधाकट. सगळं आत.

२५ वर्षं या धंद्यात आहे. पोरांना रोज ओरडतो की ड्रमवरची वायर पूर्ण सोडल्याशिवाय लोड टाकू नका. आणि स्वतः हे केलं.

वायरमनकाका | १ डिसेंबर

हिशोब करून दाखवतो म्हणजे लक्षात राहील. १४ अँपिअरला त्या वायरीत मीटरमागे पावणेतीन वॉट उष्णता. जमिनीवर पसरलेली असेल तर वारा खाऊन जातो. तुमचे ४० मीटर ड्रमवर, म्हणजे आत १०० वॉटचा बल्ब पेटवून वरून गोधडी घातलेली. चांगल्या एक्स्टेन्शन ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती आणि उलगडल्यावर किती. वाचत कोणी नाही.

४०० व्होल्टला हाच त्रास खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. ड्रम मोकळा, जाळीचा ठेवा. एकावर एक दहा थर नकोत.

वाइंडिंग_अंबड | २ डिसेंबर

अंबड एमआयडीसीत माझं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं छोटं युनिट आहे. एक शंका विचारतो आणि एक धमकी देतो.

शंका: डीसीची भानगड कशाला? जनरेटरचे २३० एसी तसेच वर सोडा, वर ट्रान्सफॉर्मर लावा.

उत्तरही मीच देतो, कारण काल वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. ५०० व्हीएचा ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर साडेपाच किलो भरला. ड्रोनपेक्षा जड. कन्व्हर्टरवाले तेच काम लाखभर हर्ट्झवर करतात, म्हणून त्यांचा फेराइट कोअर तळहातावर मावतो. आयुष्यभर स्टॅम्पिंगच्या पट्ट्या रचल्या, हे बघून जरा वाईट वाटलं.

आता धमकी. कोणीतरी हुशार माणूस म्हणेल की २३० एसीला चार डायोड लावले की ३२५ व्होल्ट डीसी फुकटात मिळतात, सोडा तेच वर. असं करणाऱ्याने आधी विमा काढावा. ती लाइन अर्थिंगपासून वेगळी नसते. तार कुठे सोलली, खाली ओल्या मातीत उभ्या माणसाने एकच तार धरली, तरी संपला. पुरात उभं राहून करणार आहात ना हे?

मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो जमिनीवर असतो, १५ किलोचा झाला तरी हरकत नाही. मंडपवाले, १ केव्हीएचा मी बांधून देतो. २३० चे २८० करतो, डायोड ब्रिज आणि कपॅसिटरनंतर ३९५ डीसी मिळतील. तांब्याचे पैसे द्या, मजुरी पूर ओसरल्यावर बघू.

वायरमनकाका | २ डिसेंबर

अंबडकरांना अनुमोदन. आणखी दोन गोष्टी. घरातला साधा एमसीबी इथे वापरू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, संपर्क उघडला तरी मध्ये चाप जळत राहतो. सोलर पंपाच्या पेटीत डीसीचे ब्रेकर असतात, ते घ्या. दुसरं, आयसोलेशननंतर जनरेटरचा ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर, पलीकडचं काही ओळखत नाही. 'ईएलसीबी आहे, काळजी नाही' असं म्हणू नका. तारेचं इन्सुलेशन उतरतंय का हे सांगणारा मॉनिटर बसवा आणि तोवर रोज मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा.

चारपंखी | ३ डिसेंबर

मी छंदापायी ड्रोन बनवतो, दोनदा टेदरचा प्रयत्न केलाय. विजेचं काकांनी सांगितलं, मी ड्रोनच्या बाजूचं सांगतो.

बॅटरी पूर्ण काढू नका. जनरेटर बंद पडला, कोणाचा पाय प्लगला लागला, तर उतरायला काहीतरी हवं. सहा सेलची २२०० एमएएचची बॅटरी ठेवा, साधारण ३५० ग्रॅम. ५०० वॉटला हिशोबाने पावणेसहा मिनिटं, प्रत्यक्षात चार धरा. कन्व्हर्टर २६ व्होल्टवर ठेवायचा आणि बॅटरी भरलेली असताना २५.२ ची. दोन्ही डायोडमधून एकत्र आणायचे. २६ जास्त असल्याने भार कन्व्हर्टर उचलतो, तो गेला की बॅटरी आपोआप पुढे येते. मध्ये कोणी स्विच दाबायचा नाही.

रिटर्न-टू-होम बंद करा. हे मोठ्या अक्षरात लिहून ड्रोनवर चिकटवा. रिमोटचा संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतात आणि मग घराकडे निघतात. तारेने बांधलेला ड्रोन चढायला लागला तर काय होईल ते सांगायला नको. फेलसेफ म्हणजे 'आहे तिथेच उतर', एवढंच. तसंच तो स्वतःभोवती फिरता कामा नये, तारेला पीळ बसतो.

तार मधोमध, गुरुत्वमध्याच्या खालून बाहेर काढा. एका पायाला बांधली तर ड्रोन सारखा एका बाजूला कलतो. आणि ओढ सोल्डरवर येऊ देऊ नका. तारेसोबत अरामिडचा धागा असतो, बुलेटप्रूफ जॅकेटमधला, ओढ त्याने घ्यायची. सगळं मिळून मीटरला १५ ग्रॅमच्या आत बसतं.

शेवटचं म्हणजे वारा. तार ४ मिलिमीटर जाड, ३० मीटर लांब, वारा ताशी ३० किमीच्या आसपास, तर नुसत्या तारेवर जवळपास अर्ध्या किलोची आडवी ओढ. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. म्हणून तार बारीक हवी. वजनासाठी हवीच, पण वाऱ्यासाठीही.

येवलेकर_आसारी | ३ डिसेंबर

मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण धागा वाचून हसू आलं. हे तर पतंगाचं चाललंय. तार ढिली सोडली की झोळ पडणार, ताणून धरली की ड्रोन खाली ओढला जाणार. हे धरायला कोण आहे तुमच्याकडे?

मंडपवाला_पंचवटी | ३ डिसेंबर

सध्या मी. भाच्याने मोटरची विंच करायला घेतली आहे, पण ती एक तर झटका देते नाही तर झोळ सोडते.

येवलेकर_आसारी | ३ डिसेंबर

ना भो, मोटरला काय कळतंय. रविवारी येतो. आसारी, आमची मांजाची फिरकी, घेऊन येतो.

कॅमेरेवाली | ४ डिसेंबर

उडवायच्या आधी नियम बघून घ्या. वायरने बांधला म्हणून तो पतंग होत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत व्याख्या सरळ आहे, माणूस आत न बसता चालणारं विमान. तुमचा ४ किलोचा म्हणजे २ ते २५ किलोच्या 'स्मॉल' गटात. त्याला नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र. शिक्षणसंस्थेला संशोधन-चाचणीसाठी स्वतःच्या आवारात, हिरव्या क्षेत्रात (जिथे आधी परवानगी लागत नाही) सूट आहे, म्हणून कॉलेजच्या मैदानाचं ठीक. त्याबाहेर नाही.

आणि नाशिकचा नकाशा उघडून बघा. ओझरचा विमानतळ आणि एचएएल एकीकडे, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं, देवळालीला तोफखाना. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ गेलं की परवानगी. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागा टाकल्याशिवाय प्लग लावू नका.

सिंहस्थाचं मात्र डोक्यातून काढा. एवढ्या गर्दीत खासगी ड्रोन कोणी उडवू देणार नाही, आणि देऊही नये. गर्दीच्या डोक्यावर ४०० व्होल्टची तार, हे कल्पनेतही नको.

वायरमनकाका | ४ डिसेंबर

बाई बरोबर बोलल्या. मीही उजेडाचा हिशोब करून पाहिला. २०० वॉटचा एलईडी, समजा २४,००० ल्युमेन. ३० मीटरवरून ३० मीटर त्रिज्येत पसरवला तर सरासरी ८ लक्स. रस्त्यावरच्या दिव्याइतका. आणि तो वर धरून ठेवायला ५०० वॉट फुकट. रात्रीच्या दहा तासांत पाच युनिट नुसते तरंगण्यात. पैसे फार नाहीत, पण लोखंडी खांब तेच काम शून्य युनिटमध्ये करतो, वर आवाजही करत नाही. साधुग्रामात रात्रभर हा डोक्यावर घोंघावला तर साधू चिमटे घेऊन तुमच्या मागे लागतील.

जिथे खांब उभा राहतो तिथे खांबच लावावा. तुमचं पुराचं काम वेगळं आहे. तिथे हे पटतं.

मंडपवाला_पंचवटी | २२ डिसेंबर

वृत्तांत लिहायला उशीर झाला, लग्नसराई चालू होती.

अंबडच्या भाऊंनी ट्रान्सफॉर्मर दिला, १४ किलोचा, दोघांनी उचलावा लागतो. ब्रिजनंतर ३९४ व्होल्ट. कन्व्हर्टरची वीट लॅमिंग्टन रोडवरून आणली, हिटसिंकसकट पंख्याच्या वाऱ्यात बसवली. मेगर मारला, काका फोनवर होते. मैदानावर दोरी बांधून २० मीटरचं रिंगण केलं, आत फक्त तिघे.

आणि येवल्याचे दादा खरंच आले. आसारी घेऊन. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, ही बांबूच्या काड्यांची मोकळी फिरकी, दोन्ही टोकांना दांडा. जाळीदार असल्याने हवा आरपार, म्हणजे काकांची अट आपोआप पूर्ण. पण ती फिरली की वायर तुटणार, कारण पुरवठा तिच्यात द्यायचा कसा? विंचच्या मोटरसाठी आणलेली स्लिप रिंग, म्हणजे फिरतानाही वीज पोचवणारी चकती, भाच्याने दांड्यात बसवली. दादांना वीजवाले रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे दिले. त्यांनी घातले, एक मिनिट तार धरली, आणि म्हणाले, "हे घालून मांजा कळत नाही."

वाद झाला. हातमोजे काढू दिले नाहीत. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. तार हातात धरायचीच नाही. आसारीच्या पुढे एक लवचिक बांबूची काठी रोवली, टोकाला पोर्सलीनची कडी, तीतून तार. काठी किती वाकली ते डोळ्याने बघायचं आणि आसारी फिरवायची. वाकली की ढील, सरळ झाली की गुंडाळ. भाच्याने विंचसाठी महिनाभर कोड लिहिला होता. तो तोंड उघडं टाकून बघत होता.

ड्रोन ३० मीटरवर २ तास १० मिनिटं उभा राहिला. दिव्यासकट. कन्व्हर्टर गरम, पण बोट ठेवता येत होतं. खाली मीटरवर १.४ ते १.६ अँपिअर, झुळकीला २.५.

एकदा छातीत धस्स झालं. दीड तासाच्या सुमारास भाच्याने पटकन ५ मीटर खाली घेतला. आवाज एकदम बदलला, दिवा मिचकावला आणि खाली मीटर शून्यावर. कन्व्हर्टर ट्रिप. पण ड्रोन पडला नाही, बॅटरीने धरला. तीस-चाळीस सेकंदांनी कन्व्हर्टर परत सुरू झाला. असं का झालं?

चारपंखी | २२ डिसेंबर

अभिनंदन! आणि ते ट्रिप मी पण भोगलंय. वेग झटक्यात कमी केला की स्पीड कंट्रोलर मोटरला ब्रेक लावतो. त्या क्षणी मोटर जनरेटर होते, वीज उलट येते. साध्या ड्रोनमध्ये ती बॅटरी गिळून टाकते. तुमच्याकडे बॅटरी डायोडच्या मागे आहे, कन्व्हर्टर उलटी वीज घेत नाही, मग व्होल्टेज चढतं आणि कन्व्हर्टर घाबरून बंद पडतो. स्पीड कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ब्रेकिंग बंद करा, आणि २४ व्होल्टच्या बाजूला चांगला मोठा कपॅसिटर टाका. झटक्याचा करंट द्यायलाही तो उपयोगी पडतो. आणि उतरताना हळू. घाई कसली, बॅटरी थोडीच संपतेय?

वाइंडिंग_अंबड | २३ डिसेंबर

बांबूच्या काठीचा फोटो टाका. माझ्या वाइंडिंग मशीनवर तारेचा ताण धरायला स्प्रिंगचा हात आहे, अगदी तसाच. विकत घेतलाय मी तो. 😐

वायरमनकाका | २३ डिसेंबर

छान. आता दोन कडक सूचना. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की ड्रोन खाली. ३० मीटर उंच तांब्याची तार म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. पुराच्या वेळी गडगडाट असेल तरीही तेच, मग उजेड नसला तरी चालेल. दुसरं, जुन्या नाशकात गल्लीगल्लीत ओव्हरहेड लाइन आहेत. वीज बंद केलेली आहे हे तिथल्या लाइनमनकडून खात्री करून, तार पडली तरी लाइनवर पडणार नाही अशी जागा निवडा. जागा पूर यायच्या आधी, कोरड्यात ठरवा.

मंडपवाला_पंचवटी | २४ डिसेंबर

जागा दोन बघितल्या आहेत. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पुराचं पाणी मोजतो. ते त्याच्या कमरेला लागलं की पहिली धरायची, छातीला लागलं की दुसरीवर जायचं. दोन्ही गच्च्या आहेत, मालक ओळखीचे. परवानगीचं पत्र कॉलेजचे सर तयार करताहेत, आपत्ती व्यवस्थापनाकडे जाऊन भेटणार आहोत. ते नाही म्हणाले तर हा ड्रोन कॉलेजच्या मैदानावरच राहील. प्रमाणपत्राच्या कोर्सला भाच्याचं नाव घातलंय.

सिंहस्थाचा विचार सोडला. तिथे आपले बांबूच बरे.

पुढची चाचणी रात्रीची. १३, १४, १५ जानेवारीपैकी एक दिवस सरांना जमतंय. येवल्याचे दादा, कोणता दिवस धरू?

येवलेकर_आसारी | २४ डिसेंबर

भोगी, संक्रांत आणि कर. हे तीन दिवस येवल्यातला माणूस स्वतःच्या लग्नालाही गच्चीवरून उतरत नाही, तुमच्या ड्रोनला कुठून उतरणार? १८ नंतर कधीही. आसारी तुमच्याकडेच राहू द्या, फक्त तिच्यात ती चकती बसवलीय ती काढू नका. मला आता दोन लागतील.